गोवराचे गोत

मिंक या प्राण्याशी पातूरचा काडीमात्र संबंध नाही. आमच्याकडे थंडी पडली तर माणसे घोंगडी काढतात, फार तर शाल. मिंकच्या कातड्याचा कोट घातलेली बाई या गावाने पाहिली असेल तर ती सिनेमाच्या पडद्यावर. तरीसुद्धा गेले वर्षभर मी या मुंगसाएवढ्या, लांबोळक्या, तपकिरी प्राण्याच्या आजारपणाविषयी मिळेल ते वाचत बसलो आहे. घरात त्याची चेष्टा होते. "पोरांच्या वह्या तपासायच्या राहिल्या, आणि हे मिंकचा ताप पाहताहेत," असे सौभाग्यवतीने एकदा पाहुण्यांना सांगितले. पाहुणे हसले, मीही हसलो. दिवाळीच्या अंकात रोगराईचा विषय काढावा का, हाही प्रश्नच आहे. पण फराळाच्या ताटाशी बसलेल्या घरातच ही गोष्ट सांगायला हवी असे मला वाटते. कारण ती खरे म्हणजे घराचीच गोष्ट आहे.

तिची सुरुवात माझ्यापुरती पौष महिन्यात झाली. शाळेत पोषण आहार शिजतो त्या खोलीमागे एक गावठी कुत्री व्याली होती. सहा पिल्ले. उरलेल्या खिचडीवर आईचे पोट भरे आणि आईच्या दुधावर पिलांचे. पिल्ले अडीचेक महिन्यांची झाली, मधल्या सुट्टीत मुलांच्या पायांत घुटमळू लागली, आणि मग एकेकाच्या डोळ्यांना चिपडे येऊ लागली. नाक वाहू लागले. खोकला झाला, हगवण झाली. मुलांनी आपल्या परीने हळद घातलेले दूध पाजले, पोत्याचे अंथरूण केले. दोन पिल्ले त्यातच गेली. उरलेली सावरली असे वाटत असतानाच त्यांच्या जबड्याला एक विचित्र चाळा लागला. पिल्लू स्वस्थ बसलेले असे, आणि जबडा मात्र दाणे चघळावेत तसा सारखा हाले. मुले आधी हसली. मग सातवीतल्या एका मुलाने जवळ जाऊन पाहिले आणि मला विचारले, "गुरुजी, थे काय चावून राह्यलं जी? तोंडात तं काईच नाई."

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते दिले गुरांच्या डॉक्टरांनी. पिल्लू पाहताच ते म्हणाले, "डिस्टेंपर. आता हा मेंदूत गेला. याला औषध नाही. लस आहे, पण ती आधी द्यावी लागते." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते पुढे म्हणाले, "मास्तर, हा कुत्र्यांचा गोवर समजा."

मला वाटले, शिक्षकाला कळावे म्हणून डॉक्टरांनी उपमा दिली. आम्ही मराठीचे मास्तर. उपमा दिसली की थांबतो. पण पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की ही उपमा नव्हे, हे नाते आहे. माणसाचा गोवर, कुत्र्याचा डिस्टेंपर आणि गुरांची बुळकांडी हे तिन्ही रोग एकाच कुळातल्या विषाणूंचे आहेत. सख्खे नसले तरी चुलत भाऊ खरेच. तिघांचीही रीत सारखी: तापाने यायचे, डोळ्यानाकांतून वाहायचे, शरीराची स्वतःची राखणच आधी मोडून काढायची, आणि मग उघड्या पडलेल्या घरात दुसऱ्या रोगांना वाट करून द्यायची.

या कुळाची वंशावळ मोठी विलक्षण आहे. बर्लिनच्या एका वैद्यकीय संग्रहालयात १९१२ साली गोवराने गेलेल्या एका लहान मुलीचे फुप्फुस काचेच्या बरणीत जपून ठेवलेले होते. त्यातून संशोधकांनी विषाणू शोधून काढला, त्याची आजच्या गोवराशी आणि बुळकांडीशी तुलना केली आणि २०२० साली असे मत मांडले की, गोवर आणि बुळकांडी यांची फारकत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी झाली असावी. म्हणजे माणसाने गुरे दावणीला बांधली, मोठमोठी गावे वसवली, आणि कधीतरी गोठ्यातला रोग ओसरीवर आला. आणखी काही संशोधकांचा कयास असा की, कुत्र्यांचा डिस्टेंपर हा माणसाच्या गोवरापासून निघाला असावा. दक्षिण अमेरिकेत वसाहतींच्या काळात गोवराच्या साथी उसळल्या, त्या वेळी. हा कयास खरा असेल तर रोगाचा प्रवास गोठ्यातून ओसरीवर, ओसरीवरून दाराशी बसलेल्या कुत्र्यात, आणि कुत्र्यातून रानात, असा झाला. आमच्या वऱ्हाडातल्या कुठल्याही घराचा नकाशा काढा; तो याच क्रमाने निघेल.

रानात गेल्यावर या रोगाला सगळ्यांत मऊ सावज सापडले ते मिंकच्या कुळात. मिंक, फेरेट, सेबल, बॅजर हे सगळे एका गोतातले. आपल्याकडचे त्यांचे दोन भाऊबंद आपल्या ओळखीचे आहेत, फक्त आपण त्यांना भलत्याच नावांनी हाक मारतो. एकाला पाणमांजर म्हणतो, आणि ते मांजर नव्हे. दुसऱ्याला चांदी अस्वल म्हणतो, आणि ते अस्वल नव्हे. मेळघाटच्या जंगलात चांदी अस्वल आहे. उलट मुंगूस दिसायला अगदी मिंकचा भाऊ, पण त्याचे गोत निराळे. नावावरून आणि रूपावरून सोयरीक जुळवू नये, असे आमची आई म्हणत असे, ते इथेही लागू पडते.

या गोतात डिस्टेंपर शिरला की फार थोडे वाचतात. मिंकचे पंजे सुजतात, पापण्या चिकटतात, पिल्ले पटापट मरतात. फेरेटची अवस्था त्याहून वाईट. त्याला लागण झाली की जवळजवळ मरणच. अमेरिकेत काळ्या पायांचे रानटी फेरेट असत. १९७९ साली ते संपले असेच मानले गेले. १९८१ साली वायोमिंग राज्यातल्या मीटीत्सी गावाजवळ एका शेतकऱ्याच्या कुत्र्याने एक मेलेले फेरेट तोंडात धरून घरी आणले, आणि जगाला कळले की ही जात अजून आहे. केवढा आनंद झाला असेल! पण १९८५ साली त्याच वसाहतीत डिस्टेंपर शिरला. प्लेगही होताच. शेवटी उरलेले प्राणी धरून आणावे लागले. १९८७ पर्यंत सारे मिळून १८ हाती आले. आज त्या जातीचे जे जे फेरेट जिवंत आहेत, ते सगळे त्या अठरांतल्या थोडक्यांचे वंशज. कुत्र्याने शोधून दिलेली जात कुत्र्याच्या नावाच्या रोगाने संपत आली होती.

आता कोणी म्हणेल, रोग रानातून आपल्याकडे येतात, हे आपण नेहमीच ऐकतो. खरे आहे. पण उलटी वाटही तितकीच वाहती असते, हे मिंकने जगाला २०२० साली दाखवले. कोरोनाचा विषाणू त्या वर्षी एप्रिलमध्ये हॉलंडमधल्या मिंकच्या फार्मवर सापडला. फार्मवर मिंक हजारोंनी, ओळीने लावलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत असतात. कामावर येणाऱ्या माणसांपासून तो त्यांना लागला, त्यांच्यात पसरला, थोडा बदलला, आणि पुन्हा माणसांत आला. डेन्मार्क हा तेव्हा मिंकच्या कातड्याचा केवढा तरी मोठा व्यापारी देश होता. तिथल्या सरकारने ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशातले सारे मिंक मारण्याचे जाहीर केले. दीड कोटीच्या वर प्राणी. देशाची वस्ती तेव्हा साठ लाखांच्या आत. म्हणजे दर माणशी दोन-तीन मिंक. घाईघाईने खड्डे खणून पुरले, तर आत वायू साठून काही प्रेते मातीच्या वर आली. निरोगी कळपही मारायला लावण्याचा कायदेशीर अधिकार सरकारला नव्हता असे निघाले, आणि संबंधित मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. आपण त्या दिवाळीत घराघरांत तोंड बांधून बसलो होतो. आपल्याच तापाचे ओझे कोणाकोणाच्या पाठीवर पडले आहे, याची आपल्याला गंधवार्ता नव्हती.

एवढे लांब जायचेही कारण नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात तीन आठवड्यांत २३ सिंह मेले. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यांत हाच डिस्टेंपर सापडला. सिंहांसाठी अमेरिकेहून लस मागवावी लागली. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकांचे अभयारण्य आहे. त्याच्या आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांचे रक्त अभ्यासकांनी तपासले, तर बहुतेकांत या रोगाला तोंड दिल्याच्या खुणा निघाल्या, आणि माळावरच्या काही खोकडांतही. अकोले तालुक्यातल्या (आमचे अकोला नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातले अकोले) बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या मांसापैकी ३९ टक्के एकट्या गावकुत्र्यांचे आढळले. उसाच्या फडातल्या बिबट्याचे जेवण म्हणजे आपल्या दारातले कुत्रे.

हा आकडा वाचला त्या दिवशी मी संध्याकाळी रेणुकामातेच्या टेकडीवर गेलो होतो. तिथून पातूर सगळे दिसते. एका अंगाला बोर्डी नदीची रेघ, दुसऱ्या अंगाला वाशिमकडे चढत जाणारा घाट आणि त्यावरचे सागाचे रान. पलीकडे काटेपूर्णाचे अभयारण्य. आमच्या बाजूला बिबट्या येतो, कुत्रे उचलतो, ही बातमी कोणाला नवी नाही. "कुत्रंच नेलं ना, लेकरू तं नाई नेलं," म्हणून आपण सुस्कारा सोडतो. वरून पाहताना मला गावाची शीव कुठे दिसेना. घरे संपतात, शेते लागतात, शेते संपतात, झाडी लागते. मधे भिंत म्हणून नाही. माणसाने मनात आखलेली ती रेघ कुत्र्याला ठाऊक नाही, बिबट्याला ठाऊक नाही, मग विषाणूला कोठून ठाऊक असणार?

खाली आलो तो एक गोष्ट मनाशी घेऊन. ओळखीच्या चार जणांना विचारले, थोडी वर्गणी जमवली. गुरांचे डॉक्टर वेळ द्यायला तयार झाले. लस बर्फाच्या डब्यातून आणावी लागते, २ ते ८ अंशांत सांभाळावी लागते, आणि पिलांना ती एकदा देऊन भागत नाही. दीड-दोन महिन्यांचे झाल्यावर पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, चार महिने पुरे होईपर्यंत. पहिल्या खेपेला शाळेच्या आसपासची तेरा कुत्री टोचून झाली. मुलांनी ती भाकरीच्या तुकड्यावर गोळा केली. माझ्या हातून एकही धरले गेले नाही. दुसऱ्या खेपेला त्यांतली नऊच सापडली.

पण खरी अडचण कुत्री धरण्याची नव्हती. पारावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला हाक मारली. दोन वर्षे कपाशीने दगा दिलेला माणूस. तो म्हणाला, "मास्तर, राग नका मानू. माह्या सुनंले दवाखान्यात न्याले पैसे नोयते, अन् तुमी गावच्या कुत्र्यायले सुया टोचून राह्यले?"

मी गप्प राहिलो. या प्रश्नाला झटपट उत्तर देणारा माणूस एक तर निर्दय असेल, नाही तर शहाणपणाचा आव आणणारा. त्या दिवशी मी फक्त "खरं आहे, बाबा," म्हणालो आणि त्यांच्याजवळ बसलो. चहा आला, पाऊसपाण्याची बोलणी झाली. पण पुढे मला एक जुनी हकिगत वाचायला मिळाली, आणि ती मी त्यांना एके दिवशी पारावरच सांगितली.

१९२३ साली इंग्लंडात 'द फील्ड' नावाच्या साप्ताहिकाने आपल्या वाचकांकडून वर्गणी काढली. कशासाठी, तर कुत्र्यांच्या डिस्टेंपरवर लस शोधण्यासाठी. तेव्हाही लोक म्हणाले असतील की, महायुद्ध होऊन गेलेल्या, इन्फ्लुएंझाने घरे ओस पडलेल्या देशात हा काय कुत्र्यांचा सोहळा! डिस्टेंपर हा विषाणूचा रोग आहे, हे कारे नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने १९०५ सालीच दाखवले होते. आता लेडलॉ आणि डंकिन या संशोधकांनी लंडनजवळ मिल हिल येथे काम सुरू केले. कुत्र्यांऐवजी त्यांनी फेरेट पाळले, कारण मिंकच्या या भावाला डिस्टेंपर हमखास होतो. त्या दशकाच्या अखेरीस कुत्र्यांची लस तयार झाली. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९३३ साली माणसांत फ्लूची साथ आली. तोपर्यंत फ्लू कशाने होतो, हे कोणाला पक्के माहीत नव्हते. विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी आजारी माणसाच्या घशाचे पाणी या फेरेटांच्या नाकात सोडले, आणि फेरेट शिंकू लागले. माणसाच्या फ्लूचा विषाणू असा सापडला. पुढे आजारी फेरेटाच्या संसर्गाने संशोधकालाच फ्लू झाला, म्हणजे पुरावा पुरता झाला. आज जगभर फ्लूची जी लस टोचतात, तिची पहिली वीट कुत्र्यांसाठी जमवलेल्या वर्गणीने बसवलेली आहे.

म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले. "मंजे कुत्र्याचा पैसा माणसाले लागला म्हनता," एवढेच तो म्हणाला. त्याला पटले की नाही, मला सांगता येणार नाही. सुनेला दवाखान्यात न्यायला त्याच्याजवळ पैसे नव्हते, ही गोष्ट माझ्या हकिगतीने बदलली नाही. पण माणूस आणि कुत्रे यांच्या आजारांची खाती वेगळी असतात, हा समज तेवढा आमच्या दोघांच्याही मनातून थोडा हलला.

या लशीविषयी मी फुगवून सांगणार नाही. कुत्री टोचली म्हणजे रान वाचले, असे सरळ गणित नाही. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या मैदानात १९९४ साली डिस्टेंपरने सुमारे हजार सिंह, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी तिसरा हिस्सा मेला. त्यानंतर भोवतालच्या गावांतली कुत्री पुष्कळ टोचली गेली, तरी सिंहांना रोग होतच राहिला. कारण तो आता दुसऱ्या रानटी प्राण्यांतही फिरत होता. रशियाच्या पूर्वेकडच्या वाघांचा अभ्यास २०२० साली झाला, त्यातही रोग मुख्यतः गावच्या कुत्र्यांकडून नव्हे तर रानातल्याच लहान प्राण्यांकडून येत असावा, असे दिसले. त्यांत सेबल आणि बॅजर, म्हणजे मिंकचेच भाऊबंद. एकदा दार उघडून बाहेर गेलेला रोग दार लावल्याने परत येत नाही. पण म्हणून दार सताड उघडे टाकावे, असेही नाही. निदान त्या दारात बसलेले पिल्लू तरी वाचते. मला तेवढे पुरे आहे.

आणि या कुळातला एक रोग माणसाने खरोखर संपवला आहे, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. बुळकांडी. आमच्या आजोबांच्या पिढीला हे नाव उच्चारायचीही धास्ती वाटे. गावात ती शिरली की आठ-पंधरा दिवसांत दावणी रिकाम्या होत. बैल गेले की पेरणी गेली, आणि पेरणी गेली की घर गेले. या गुरांच्या साथींच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा निघाली. ती पुढे हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून देशभर गुरे टोचण्याची मोहीम निघाली. गावोगाव, गोठोगोठी माणसे फिरली. भारतात शेवटची साथ १९९५ साली झाली, आणि २०११ साली साऱ्या जगातून बुळकांडी गेल्याचे जाहीर झाले. देवीच्या रोगानंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसराच रोग. गोवरालाही चांगली लस आहे, तरी २०२२ साली मुंबईत त्याने पुन्हा मुले नेली. जिथे टोचायचे राहिले तिथे. डिस्टेंपरची लस तर जवळजवळ शंभर वर्षांची झाली.

मग बुळकांडी गेली आणि तिचा हा भाऊ का राहिला? रानात त्याला पुष्कळ बिऱ्हाडे आहेत, हे एक कारण. दुसरे कारण मला आमच्याच अंगणात दिसते. गाईला धनी होता. तिची किंमत होती, तिच्यावर घर चालत होते, म्हणून तिला टोचायला सरकार दारात आले आणि धन्याने दावे सोडून तिला पुढे केले. गावकुत्र्याला धनी नाही. ते सगळ्यांचे आहे, म्हणजे कोणाचेच नाही. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, खंडोबाच्या घोड्यामागे कुत्रा आहे. देवांनी त्याला जवळ ठेवले, आपण उंबऱ्याबाहेर ठेवले. नेपाळात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या कपाळाला टिळा आणि गळ्यात झेंडूची माळ घालतात. आपली दिवाळी वसुबारसेपासून सुरू होते. सवाष्ण गाय-वासराला ओवाळते. ज्या जनावराला ओवाळले, त्याचा रोग आपण संपवला, हा काही निव्वळ योगायोग नसावा.

यंदा शाळेमागच्या त्याच कुत्रीला पाच पिल्ले झाली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा पहिला डोस येतो. सुट्टीत मुले मामाच्या गावाला जाणार, म्हणून सातवीच्या वर्गाने आपसांत पाळ्या लावल्या आहेत: कोणी डब्यातला बर्फ पाहायचा, कोणी भाकरी आणायची, कोणी पिल्ले धरायची. माझे नावही त्या यादीत आहे. मला पिल्ले धरता येत नाहीत हे त्यांना ठाऊक असल्यामुळे माझ्याकडे वही दिली आहे. तारीख लिहायची, आणि पुढची तारीख विसरायची नाही.

वाचकहो, तुमच्या गल्लीतही एखादे चिपड्या डोळ्यांचे पिल्लू दिव्यांच्या उजेडाला येऊन बसेल. त्याला करंजी देऊ नका, ती त्याला पचत नाही. भाकरीचा तुकडा द्या. आणि जवळच्या गुरांच्या दवाखान्यात एकदा विचारून या.